पालकांचा वर्ग भरला, टाळ्या पडल्या, पण टचलाइनवर पुन्हा तेच? या चुका टाळा

शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की आरडाओरडा आलाच. ती ईर्षा नसेल तर कोल्हापूरचा फुटबॉल अळणी होईल. पण दहा वर्षांच्या पोरांच्या मॅचला बाबा टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, त्याच आवाजात "आरं, पास दे की!" म्हणून ओरडतात आणि पोरगं बॉल सोडून बाबांकडे बघतं. मग कोच म्हणतो, आता पालकांचाच वर्ग घ्यायला पाहिजे. आम्हीही घेतला, आणि बऱ्यापैकी फसलो.

विषय आपणच ठरवून टाकणं

आम्ही आहार, मानसिक कणखरता वगैरे तयारी करून गेलो. पालकांच्या डोक्यात वेगळंच होतं: ग्रेस गुण कसे मिळतात, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात कोण बसतं, दहावीला ग्राउंड बंद करायचं का? त्यांची उत्तरं मिळेपर्यंत आमचं कुणी ऐकेना, आणि ते बरोबरच होतं. म्हणून आठ दिवस आधी प्रत्येकाकडून एकेक प्रश्न लिहून घ्या. त्यातूनच मोठे विषय निघतात. "स्वप्निल कुसाळेसारखं आमच्या पोराचं होईल का?" असं कुणी विचारलं, तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या नेमबाजाला २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा तो २८ वर्षांचा होता, एवढंच सांगा. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत जीव काढणाऱ्या बापाला दुसरं व्याख्यान लागत नाही.

हजेरीवर खूश होणं

रविवारी सकाळी हॉलमध्ये येतात त्या बहुतेक आया. ओरडणारे बाबा दुकानात, नाहीतर उसाच्या तोडीवर. मग आईच्या हातात कागद देऊन "घरी सांगा" म्हणायचं, म्हणजे भांडण तिच्या गळ्यात बांधायचं. त्यापेक्षा सराव चालू असताना मैदानाच्या कडेलाच वीस मिनिटं बोला. पोराला सोडायला आलेले बाबा तिथं आयते सापडतात.

"कार्यक्रम कसा वाटला?" एवढंच विचारणं

सगळ्यात मोठी फसगत इथं होते. फॉर्म गोळा करायला कोचच उभा. पोराला टीममध्ये घ्यायचं की नाही हे त्याच्याच हातात. मग "खूप छान" सोडून कोण काय लिहिणार? प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं याच्या चार पायऱ्या अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मांडल्या: लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी काय साधलं. आपण पहिल्या पायरीवरच हार-तुरे घेऊन घरी येतो.

दुसरी गंमत त्याहून फसवी आहे. वर्गाआधी बाबा स्वतःला ५ पैकी ५ देतात: "मी पोरावर कधीच ओरडत नाही." वर्गानंतर त्यांना कळतं की "मार की, झोपलास काय!" हेही ओरडणंच असतं. मग ते प्रामाणिकपणे ३ देतात. कागदावर दिसतं की वर्गानं पालक बिघडले! प्रत्यक्षात त्यांची मोजपट्टी बदललेली असते. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही प्रश्न वर्गानंतर एकदमच विचारा: तेव्हा कसे होतात, आता कसे आहात. फॉर्मवर नाव नको, आणि गोळा करणारा कोच नको.

तरी माणूस स्वतःबद्दल सांगतो त्यावर किती विसंबायचं? टचलाइनवर दोघांनी उभं राहावं, दहा-दहा मिनिटं कान देऊन ऐकावं आणि तीन रकान्यांत रेघा ओढाव्यात: शाबासकी, सूचना, टोमणे. रेफ्रीला घातलेल्या शिव्या तिसऱ्या रकान्यात. आधी एका मॅचला दोघांच्या रेघा जुळतात का ते बघा, नाहीतर एकाचा टोमणा म्हणजे दुसऱ्याची सूचना. वर्गाआधी दोन-तीन मॅचेस मोजा, मग नंतर, आणि दोन महिन्यांनी पुन्हा. मात्र आधी मोजली फायनल आणि नंतर मैत्रीची मॅच, असं झालं तर सगळ्या रेघा वाया.

पोराला न विचारणं

खरी मॅच सुरू होते ती घरी जाताना, गाडीवर मागे बसल्यावर. "मॅच संपल्यावर घरी जाताना काय बोलणं होतं?" एवढंच विचारा, पालक जवळ नसताना, आणि उत्तर त्यांच्या कानावर घालू नका. मारहाणीचं काही निघालं तर मात्र ती रकान्यात भरायची गोष्ट नाही. क्लबमधल्या जबाबदार माणसानं ते हातात घ्यायला हवं, आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर सगळ्यांना माहीत हवा.

कोचला सोडून देणं

पालकांना शांत बसा सांगणारा कोचच घसा फोडत असेल, तर चौथा रकाना त्याच्या नावाचा काढा. आम्ही काढला. पहिल्या मॅचला सगळ्यात जास्त रेघा तिथंच पडल्या.

दोन महिन्यांनंतरची मोजणी बहुतेक राहूनच जाते, कारण तोवर जून येतो, मैदानात पाणी साठतं आणि सगळं बासनात जातं. म्हणून पहिल्याच दिवशी तिसऱ्या मोजणीची तारीख मेच्या आत ठरवून टाका. आणि रेघा पेन्सिलीनं ओढा, वळवात शाई पसरते.