जुन्या ट्रकची ऑइलगळती: पॅकिंगला हात लावण्याआधी ब्रीदर बघा

पॅकिंग नवीन, सील नवीन, आणि तरी ट्रकखाली पुन्हा काळा डाग. वैतागून या टप्प्यावर पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. पाना धरता येतो आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नसतं एवढं तुम्हाला ठाऊक असणार.

थेंब खाली जिथे दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. टॅपेट कव्हरपाशी, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणापाशी, सुटलेलं ऑइल ब्लॉकवरून ओघळतं, पळत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या बेलहाऊसिंगखाली येऊन ठिबकतं. मग कोणीतरी खाली डोकावून निकाल देतो, ‘क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा.’ तेवढ्या बोलण्यावर गिअरबॉक्स उतरवू नका! आधी ते ठिबकणारं ऑइल बोटावर घेऊन हुंगा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. मग इंजिन डिग्रीझरने धुवा, पूर्ण वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि थोडं चालवून बंद करा. सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला ओघळ शोधा. ऑइल प्रेशर स्विच विसरू नका. एवढासा असतो, पण सगळा ब्लॉक माखवतो.

आता ज्यात मी पुरता अडकलो होतो ते. पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. त्याला बाहेरची वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या इंजिनात ब्रीदरच्या जाळीत आणि नळीत काळा चिकटा साचतो, नाहीतर नळीचं रबर आतून फुगून भोक बंद होतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि जे पॅकिंग सगळ्यात कच्चं असेल तिथून ऑइल बाहेर फेकलं जातं. ते बदललं की पुढचं कच्चं पॅकिंग गळायला लागतं. माझ्याकडे टॅपेट कव्हर कोरडं झालं आणि लगेच इंजिनाच्या पुढच्या बाजूचं सील गळू लागलं. मी नव्या सीललाच शिव्या घालत बसलो.

तपासणी फुकट आहे. इंजिन स्लो रेसवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवा, ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावर नुसतं उलटं ठेवा. जरा थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा तोंडातून धुराचा झोत येत राहिला, तर आत दाब आहे. ब्रीदर उतरवा, जाळी डिझेलमध्ये भिजवून धुवा, नळीतून फुंकर आरपार जाते का बघा, आणि पुन्हा झाकण ठेवून पाहा. ब्रीदर साफ असूनही झाकण उडत असेल तर रिंगा किंवा लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजलेत. तिथे कुठलंच पॅकिंग टिकणार नाही, उगाच पैसे घालू नका.

पण बहुतेकदा एवढ्यावर जात नाही, घाबरू नका. ब्रीदर आणि टॅपेट कव्हर ही दोन कामं घरच्या हत्यारांवर होतात.

‘जरा जास्त सिलिकॉन लाव, बिनधास्त होईल’ म्हणणाऱ्या उस्तादापासून मात्र लांब राहा. आतल्या बाजूला दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटतं, चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. गळणारं इंजिन चालतं तरी, ऑइल न मिळालेलं जाम होतं. गळती थांबवणारी बाटलीतली औषधंही मला पटत नाहीत. पत्र्याच्या कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका. भोकापाशी पत्रा वाकतो, कॉर्कचं पॅकिंग चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. वाकलेली कड सपाट लाकडावर ठेवून हातोडीने हलके ठोकून सरळ करा. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळा. एकदा तापून गार झालं की कॉर्क बसतो, तेव्हा बोल्टांवर पुन्हा पान्याचा हलका हात फिरवा. डिपस्टिक मात्र पुढचे काही दिवस रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी बघा.