डिझेल पिकअपचा इंधन पंप: बिघाड ओळखण्याचा क्रम आणि तो टाळण्यासाठी घ्यायची काळजी

डिझेल पिकअप सुरू व्हायला वेळ घेऊ लागली किंवा माल भरून चढ चढताना दम टाकू लागली की ‘पंप गेला’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि इंधन यंत्रणेतला अतिशय महागडा भाग पुरेशा तपासणीविनाच बदलला जातो. नवा पंप बसवूनही तक्रार कायम राहते, किंवा तोच पंप काही महिन्यांत पुन्हा खराब होतो, याचे कारण बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे असते. हाय प्रेशर पंप आपण होऊन क्वचितच मरतो. त्याच्यापर्यंत पोहोचणारे डिझेल अपुरे, हवा मिसळलेले, पाणी असलेले किंवा पुरेसा ओशटपणा नसलेले असते, म्हणून तो मरतो. त्यामुळे तपासणी नेहमी टाकीकडून इंजिनाकडे जावी, उलट दिशेने नव्हे.

कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरांना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच सामाईक नळीतून, ‘रेल’मधून, डिझेल पुरवणाऱ्या पिकअपमध्ये साधारणपणे दोन पंप असतात. टाकीत किंवा चॅसीवर बसवलेला विजेचा फीड पंप काही बार इतक्याच दाबाने डिझेल फिल्टरमधून पुढे ढकलतो, आणि इंजिनावर चालणारा हाय प्रेशर पंप तेच डिझेल रेलमध्ये आयडलला (गाडी उभी, इंजिन संथ फिरत असताना) सुमारे २५० ते ४०० बार आणि पूर्ण भाराखाली १,६०० बारच्या पुढे, नव्या इंजिनांत २,००० बारच्याही वर, नेऊन ठेवतो. काही गाड्यांत विजेचा फीड पंप नसतो. हाय प्रेशर पंपालाच जोडलेला छोटा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. अशा गाडीत टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीखाली असते, म्हणून तिला बारीक भेग पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. बाहेरून नळी कोरडी दिसते आणि मेकॅनिक तिच्याकडे पाहतही नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००८७ हा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की इंजिनाच्या संगणकाने मागितलेला दाब रेलमध्ये तयार झाला नाही. पंप खराब आहे असे तो कोड सांगत नाही. तुंबलेला फिल्टर, हवा घेणारी नळी, गळका इंजेक्टर, रेलवरचा अर्धवट उघडा राहिलेला प्रेशर व्हॉल्व्ह आणि चुकीचे आकडे देणारा सेन्सर, हे सर्व तोच कोड आणू शकतात. म्हणून कोड वाचून थांबू नये. लाइव्ह डेटामध्ये मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. इंजिन रात्रभर बंद असताना, किल्ली फिरवून पण सेल न मारता, सेन्सरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. तेव्हाच तो मोठा आकडा दाखवत असेल तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरिंगचा आहे. सेल मारताना बहुतेक इंजिनांना इंजेक्टर उघडण्यासाठी दीडशे ते दोनशे बार लागतात. तेवढा दाब येऊनही इंजिन पेट घेत नसेल, तर पंपाला दोष देण्याआधी इतरत्र शोधावे.

यानंतर कमी दाबाची बाजू घ्यावी. किल्ली फिरवल्यावर विजेचा फीड पंप काही सेकंद गुणगुणतो. आवाज आला नाही तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. मग पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. ज्या गाडीत पंपाचा वेग मॉड्यूलने नियंत्रित होत नाही, तिथे ते बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असू नये, आणि असल्यास गंजलेली अर्थिंग हा पहिला संशयित मानावा. फिल्टरच्या पुढे गेज जोडून दाब आयडलला मोजणे पुरेसे नसते, कारण अर्धवट तुंबलेला फिल्टर आयडलला पुरेसे डिझेल देतो आणि भार आल्यावरच उघडा पडतो. म्हणून गेज काचेसमोर दिसेल असा बांधून गाडी चढावर चालवून पाहावी आणि आकडा कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेशी ताडावा. हवेचा संशय असेल तर पंपाच्या आधीच्या नळीत डिझेलला टिकणारा पारदर्शक तुकडा जोडावा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे निघून गेल्यावर प्रवाह स्वच्छ झाला पाहिजे. बारीक बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल, तर फिल्टरचे सील, जोड आणि नळ्या एकेक करून तपासाव्यात.

कमी दाबाची बाजू निर्दोष ठरली की इंजेक्टरांचा रिटर्न, म्हणजे त्यांच्यातून टाकीकडे परत जाणारे डिझेल, मोजावे. परतीच्या नळ्या सुट्या करून प्रत्येकीखाली सारख्या मापाची बाटली लावावी आणि ठरावीक वेळ इंजिन चालवावे. एखादी बाटली इतरांपेक्षा लवकर भरत असेल, तर पंपाने मेहनतीने बनवलेला दाब त्या इंजेक्टरमधून वाया जातो आहे. इथे एक सूचना कोणत्याही परिस्थितीत पाळावी. इंजिन चालू असताना हाय प्रेशर नळीचा नट कधीही सैल करू नये, आणि गळती बोटाने चाचपू नये. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, बाहेर टिंबाएवढीच खूण दिसते आणि तरीही तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत काही मिनिटे थांबावे.

शेवटची तपासणी धातूच्या चुऱ्याची आहे, आणि खरा निवाडा तीच करते. हाय प्रेशर पंपावरचा इंधन नियंत्रित करणारा मीटरिंग व्हॉल्व्ह काढावा, त्याच्या बारीक जाळीवरचे डिझेल पांढऱ्या कापडावर टिपावे आणि कापड टॉर्चखाली तिरपे धरावे. काळसर डाग म्हणजे जुना मळ असू शकतो. पण प्रकाश फिरवताच चंदेरी कण चमकले आणि चुंबकाजवळ ते हलले, तर पंप आतून झिजतो आहे. त्या क्षणापासून एकदाही सेल मारू नये, कारण प्रत्येक फेरा तो चुरा रेलमध्ये, इंजेक्टरांत आणि रिटर्नच्या वाटेने टाकीतही नेतो. अशा वेळी फक्त पंप बदलणे म्हणजे नव्या पंपाला जुना चुरा पाजणे होय. इंजेक्टर, रेल आणि हाय प्रेशर नळ्या बदलाव्या लागतात, टाकी उतरवून धुवावी लागते, आणि हा खर्च टाळण्याचा आडमार्ग मला तरी माहीत नाही.

पंप झिजतो कसा, हे समजले की पुढची काळजी ओझे वाटत नाही. हाय प्रेशर पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळते ते प्रामुख्याने डिझेलचेच. डिझेलमधील गंधक काढण्याच्या प्रक्रियेत वंगण देणारे इतर घटकही निघून जातात, म्हणून शुद्धीकरणानंतर ओशटपणा वाढवणारे रसायन मिसळले जाते. ६० अंश सेल्सिअसला घेतल्या जाणाऱ्या एचएफआरआर या ओशटपणाच्या चाचणीत झिजेचा व्रण युरोपच्या मानकानुसार ४६० मायक्रॉनपर्यंत, तर अमेरिकेच्या मानकानुसार ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो. आकडा जितका मोठा तितकी झीज अधिक. बॉशच्या सीपी४ पंपात कॅमवर फिरणारा रोलर ज्या टॅपेटमध्ये (कॅमचा धक्का पुढे पोहोचवणाऱ्या दट्ट्यात) असतो, तो आपल्या जागी वळला तर रोलर कॅमवर फिरण्याऐवजी घासू लागतो आणि चुरा तयार होतो. अमेरिकेतील रॅम या पिकअप ब्रँडने २०१९ आणि २०२० च्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनाच्या पिकअप २०२१ मध्ये याच पंपासाठी परत बोलावल्या. आपल्या गाडीत कोणता पंप आहे हे मालकाने माहीत करून घ्यावे. सीपी४ असेल, तर पुढील काळजीत कसलीही सवलत घेऊ नये.

टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये, कारण टाकीतला पंप डिझेलनेच थंड राहतो आणि तळ गाठलेली टाकी वळणावर हवा ओढते. फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतरावर बदलावा, धुळीत किंवा संशयास्पद डिझेलवर चालणाऱ्या गाडीचा त्याआधीच बदलावा, आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरून पाहाव्यात. तांबूस डाग पाण्याचे, काळा चिकट थर पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आणि चमक धातूची असते. वॉटर सेपरेटरमधले पाणी दिवा लागण्याची वाट न पाहता नियमित काढावे. नवा फिल्टर भरण्यासाठी त्याच्या स्वच्छ बाजूत डब्यातले डिझेल ओतण्याची सवय मात्र सोडावी, कारण ते न गाळताच पंपात जाते. हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) किंवा किल्ली चार-पाच वेळा फिरवून फीड पंपानेच एअर काढावी. केरोसीनची भेसळ वंगण कमी करते, म्हणून स्वस्तात मिळणारे सुटे डिझेल महागात पडते. कंपनीने मान्य केलेले ओशटपणाचे अ‍ॅडिटिव्ह, किंवा परवानगी असल्यास दोन टक्क्यांएवढे बायोडिझेल, वंगणात ठळक फरक पाडते.

चुकून पेट्रोल किंवा युरियाचे द्रावण डिझेलच्या टाकीत गेले, तर किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण सेल न मारताही फीड पंप ते पुढे ढकलतो. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करवून घ्यावी. नवा पंप बसवल्यावर तो कोरडा फिरू न देता आधी पूर्ण एअर काढावी, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा उघडून त्याच्या घड्यांत चमक नाही याची खात्री करावी.