लॉकडाऊनमध्ये दोन-तीन संस्थांनी मिळून मदत करायची तर आधी काय ठरवायचं

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि पुढच्या काही आठवड्यांत जो तो मदतीला धावला, चांगलंच झालं ते, पण आम्ही जिथे काम करत होतो तिथे रस्त्यालगतच्या घरांना शिध्याचे तीन-तीन किट आणि आतल्या गल्लीत कोणी फिरकलंही नाही. तीन संस्था, तीन याद्या, एकमेकांशी बोलणं शून्य. म्हणून पैसे गोळा करायच्या आधी यादी एक करा.

एकच शेअर्ड शीट, एका घराला एक ओळ, त्यात घराची खूण, माणसं किती, फोन आहे का, काय हवंय, शेवटचं काय कधी दिलं आणि कोणी दिलं, बास. एडिट करणारा माणूस एकच ठेवा नाहीतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शीटचा बोजवारा उडतो. आजार, कागदपत्रं नसणं, घरातली भांडणं असली माहिती त्यात टाकायची नाही, ती वेगळी, आणि दोघांनाच दिसेल अशी. अशी यादी ग्रुपवर फिरली की त्या माणसाच्या मागे काय काय लागतं ते तुम्ही-आम्ही निस्तरू शकत नाही.

कामाची वाटणी सोपी आहे खरं तर. मोठ्या संस्थेकडे पैसा, गाडी, पास, आणि छोट्या गटाला कुठल्या दारामागे कोण एकटं पडलंय ते माहीत असतं. तर खरेदी आणि परवानग्या मोठ्यांकडे, कोणाला द्यायचं ते वस्तीतल्यांकडे. पैसा ज्याचा तोच सगळं ठरवायला बघतो (प्रत्येक वेळी!), म्हणून हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, खर्चाचा हिशोब दर आठवड्याला कोण दाखवणार तेही त्यातच.

आता किटचं गणित, कारण इथेच सगळे फसतात. आपत्तीतल्या मदतीचं स्फिअर मानक माणशी दिवसाला साधारण २१०० किलोकॅलरी धरतं, म्हणजे चौघांच्या घराला ८४०० लागतात. एक किलो कोरड्या धान्यातून साधारण ३५०० मिळतात. १० किलो धान्य आणि १ लिटर तेल दिलंत तर होतात ४३००० च्या आसपास, म्हणजे पाच दिवस. आणि आपण वर लिहितो काय, तर 'पंधरा दिवसांचं किट'! शिवाय शिजवायला इंधन आहे का हेही विचारा, आम्ही एका घरी कच्चा शिधा ठेवून आलो आणि तिथे चूल पेटवायलाच काही नव्हतं. जवळची दुकानं चालू असतील तर रोख पैसे दिलेले बरे, आपली गरज ज्याची त्याला जास्त कळते.

औषधांसाठी वेगळा माणूस नेमा, किट वाटणाऱ्यावर ते ढकलू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत न्यावं लागतं, आणि बर्फाला थेट चिकटून गोठलं तर ते फेकूनच द्यायचं.

वाटणारे शक्यतो तरुण आणि तब्येतीने ठणठणीत, साठीच्या पुढच्यांना फोनवर बसवा. सामान दारात ठेवायचं, बेल वाजवून मागे व्हायचं, फोटो काढायचे नाहीत. देणगीदाराला पुरावा हवाच असेल तर बंद किटच्या थप्पीचा फोटो पाठवा.

फोन करणाऱ्यांना एक गोष्ट नक्की शिकवा. एप्रिल २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनीच सांगितलं होतं की लॉकडाऊनमध्ये घरातली हिंसा वाढलीये. मारणारा शेजारीच बसलेला असू शकतो, त्यामुळे 'कोण त्रास देतंय, काय झालं' असं विचारून समोरची बोलणार कशी? फक्त हो किंवा नाही म्हणता येईल असे प्रश्न विचारा, आणि पुढचा फोन कधी केलेला चालेल ते तिलाच ठरवू द्या.

शेवटचं, थांबायची तारीख आठवडाभर आधी प्रत्येक घराला सांगा. आमच्या शीटवर बंद करताना चार ओळी उरल्या होत्या, चारही रोजच्या औषधांवाल्या, आणि त्या कोणाकडे द्यायच्या हे आम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं.