फी कमी, लिहिणं जास्त: ठाण्यात पत्रकारितेचं कॉलेज निवडताना

मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमचं, म्हणजे पत्रकारिता आणि जाहिरात शिकवणाऱ्या पदवीचं, नाव २०१९ मध्ये बदलून बीएएमएमसी झालं, तरी ठाण्यात अजून सगळे बीएमएमच म्हणतात. बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते, त्यामुळे चौकशीला गर्दी असते. आणि पहिला धक्का बसतो तो फीचा. त्याच कॉलेजात, त्याच जिन्याने वर जाणाऱ्या बीएच्या मुलाची वर्षाची फी काही हजारांत आणि बीएमएमवाल्याची त्याच्या कितीतरी पट. कारण साधं आहे. बीए अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं. बीएमएम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, म्हणजे वर्ग मुलांच्या पैशांवर चालतो. फी जास्त आहे म्हणजे पत्रकारिता चांगली शिकवत असतील, असं त्यावरून धरू नका.

मी कळव्याहून ये-जा करत शिकलो, आता एका दैनिकाच्या डेस्कवर आहे. आमच्याकडे ट्रेनी म्हणून नवी पोरं येतात. कुठल्या कॉलेजातून आलास, हे पहिल्या आठवड्यानंतर कुणी विचारत नाही. कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, कशी येते तेवढंच बघतात. त्यामुळे कॉलेज निवडायचं तर माझा प्रश्न एकच: इथे आठवड्याला तुमच्याकडून किती लिहून घेतात?

आधी अगदी जवळचं बघा. ठाण्यात जोशी-बेडेकर आणि ज्ञानसाधना, नेरूळला एसआयईएस ही नावं पहिल्यांदा कानावर येतील. ठाण्याहून नेरूळला ट्रान्सहार्बर लोकलने गाडी न बदलता जाता येतं आणि विद्यार्थी सवलतीचा पास काढला की प्रवास फार महाग पडत नाही. महाग पडतो वेळ. रोज दोन-तीन तास लोकलमध्ये गेले तर संध्याकाळी कुठे जाऊन बातमी आणायची ताकद उरत नाही.

कॉलेज बघायला गेलात की स्टुडिओ दाखवतात. हिरवा पडदा, कॅमेरे, एडिटिंगचे कॉम्प्युटर. छान असतं सगळं. फक्त त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि मुलांना ती कधी मिळते, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. कॅन्टीनमध्ये सापडतात आणि खरं बोलतात. त्यांनाच पुढचंही विचारा: पत्रकारितेची बॅच दरवर्षी चालते का? पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखं शिकवायचं आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता निवडायची, अशी या कोर्सची रचना होती. नव्या शैक्षणिक धोरणाने आता त्यात फेरफार केले आहेत. पण बरीच मुलं जाहिरातीकडे वळतात आणि उरलेली अगदीच थोडी असली, तर पत्रकारितेचा वर्गच भरत नाही, हे काही ठिकाणी होतं. दोन वर्षांची फी भरून झाल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

शिकवायला कोण येतं, हे फीपेक्षा महत्त्वाचं. आम्हाला बातमीलेखन शिकवायला एक निवृत्त वृत्तसंपादक यायचे. एकदा त्यांनी महापालिकेची पाणीबंदीची प्रेसनोट वर्गात वाटली आणि दीडशे शब्दांत बातमी मागितली. झाडून सगळ्यांनी सुरुवात केली, 'ठाणे महानगरपालिकेच्या वतीने नागरिकांना कळविण्यात येते की'. सरांनी लाल पेनाने प्रत्येकाचा पहिला परिच्छेद उडवला. "शुक्रवारी वागळे इस्टेटला पाणी नाही, हे कळायला तिथल्या बाईने तीन ओळी का थांबायचं?" मग म्हणाले, टँकर मिळणार का ते नोटेत नाहीये, पाणीखात्याला फोन लावा. या तासाला ना स्टुडिओ लागला ना प्रोजेक्टर. असे एखादे सर असतील तर गळक्या छताचं कॉलेजही चालेल.

पावतीवर न दिसणारा खर्चही विचारून घ्या. इंडस्ट्रियल व्हिजिटच्या नावाखाली निघणारी सहल, फेस्टिव्हलची वर्गणी, प्रोजेक्टचं शूटिंग. कॅमेरा लगेच विकत घेऊ नका, फोनवर बरंच भागतं. मराठीत काम करायचं असेल तर परीक्षेचा पेपर मराठीतून लिहिता येतो का, हे विचाराच. शिवाय युनिकोडमध्ये मराठी टायपिंग आत्ताच बसवा. त्याला फी लागत नाही आणि डेस्कवर ते पहिल्या दिवशी लागतं.

घरची ओढाताण असेल तर मी सरळ दुसरा रस्ता सुचवतो. घराजवळ अनुदानित बीए करा, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन. मग पत्रकारितेची पदविका. आझाद मैदानातल्या मुंबई मराठी पत्रकार संघाचा अभ्यासक्रम आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे. आयआयएमसीच्या, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेच्या, अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविका आहे. बाहेर पडणं जमणारच नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. बीए करतोय म्हटलं की नातेवाईक "अच्छा" म्हणून विषय बदलतात, तेवढं सोसावं लागतं. पण ज्याला महापालिकेचं बजेट वाचता येतं, तो ट्रेनी आम्हाला हवाच असतो.

सरावाला जागेची कमी नाही. एकट्या ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. वाशीचं एपीएमसी मार्केट, बेलापूरचं सिडको भवन आणि कोकण भवन, सगळं लोकलच्या अंतरावर. पहाटे कांद्याच्या बाजारात जाऊन भाव का पडले ते दोन व्यापारी आणि एका माथाडीला विचारा, घरी येऊन तीनशे शब्द लिहा. रोजचे पेपर विकत घेणं जमत नसेल तर वाचनालय गाठा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासूनचं.

आता कागदपत्रं. कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाच्या साइटवर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. तिची प्रिंट जपून ठेवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढायला टाका, निकालानंतर सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते. मुलींच्या फीमाफीची २०२४ ची घोषणा ऐकून बऱ्याच जणी निर्धास्त असतात. ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. तुमचा कोर्स त्यात बसतो का आणि महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर, तो दिसतो का, हे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा. हप्ते करून मिळतील का, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्या. बोर्डावर लिहिलेलं नसलं तरी बऱ्याचदा मिळतात.