खेळण्यांनी पिंजरा सुधारत नाही: बंदिस्त प्राणी सांभाळताना या चुका टाळा

पोपट पिसं उपटू लागला, ससा रात्रभर जाळी चावू लागला किंवा हॅमस्टर एकाच कोपऱ्यात नखं घासत बसू लागला, की बहुतेक जण आधी एखादं खेळणं आणून आत ठेवतात. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ‘याला काही आवडतच नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो. इथे चुकलेला असतो तो क्रम. आधी तब्येत, मग जागा, मग सोबत आणि सगळ्यात शेवटी खेळणी किंवा एनरिचमेंट, म्हणजे प्राण्याला गुंतवून ठेवणाऱ्या गोष्टी. अपुऱ्या जागेत एकटा पडलेला प्राणी खेळणं मिळाल्यावरही अपुऱ्या जागेत एकटाच असतो.

तब्येत आधी पाहायची, कारण पिसं उपटण्यामागे परजीवी, त्वचेचा संसर्ग किंवा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) तार चावून पोटात गेलेलं जस्तही असू शकतं. ससा, गिनीपिग यांच्यासारखे शिकार होणारे प्राणी दुखणं लपवतात. सशाने दहा-बारा तास तोंडाला काही लावलं नसेल तर ‘रुसलाय’ म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

चूक: जागा फक्त लांबी-रुंदीत मोजणं

प्राणीसंग्रहालयांचं शास्त्र उभं करणारे स्विस प्राणीशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर १९४० च्या दशकापासून सांगत होते, की आवार किती मोठा यापेक्षा आत प्राण्याला काय करता येतं हे महत्त्वाचं. हे वाक्य लहान पिंजऱ्याचं समर्थन म्हणून वापरू नका. किमान जागा लागतेच. सशाला सलग उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. ब्रिटनमधल्या सशांसाठी काम करणाऱ्या संस्था दोन सशांच्या जोडीला ३ मीटर × २ मीटर जमीन आणि १ मीटर उंची सुचवतात, तीही चोवीस तास खुली. ‘संध्याकाळी तासभर बाहेर सोडतो’ हा त्याला पर्याय नाही, कारण ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतो.

प्रत्येक प्राण्याची मोजायची दिशा मात्र वेगळी. पोपटाला आडवी रुंदी हवी, कारण तो आडवा उडतो. उंच, अरुंद, गोल पिंजरा दिसायला छान असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही. मांजराला उंचावर बसायच्या जागा हव्यात. हॅमस्टरला खणायला खोल थर हवा. सोनेरी हॅमस्टरवर झालेल्या एका स्विस अभ्यासात बेडिंगचा (तळाशी पसरलेल्या भुशाचा वगैरे) थर १०, ४० आणि ८० सेंटिमीटर ठेवून पाहिला, तेव्हा १० सेंटिमीटरवाले हॅमस्टर लक्षणीय जास्त तार चावत होते. म्हणजे कोपऱ्यात नखं घासणाऱ्या हॅमस्टरला बहुधा बीळ खणायचं असतं आणि खाली लागतं प्लास्टिक. सरड्याला आणि कासवाला एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा लागतो, म्हणजे शरीराचं तापमान त्याचं तोच सांभाळतो. यूव्हीबी (उन्हात असतात तसे अतिनील किरण देणाऱ्या) दिव्याचा उजेड दिसतोय म्हणून यूव्हीबी मिळतेच आहे असं समजू नका. ती दिवा विझण्याच्या कितीतरी आधी घटते, आणि मध्ये काच असेल तर पोचतच नाही. म्हणून दिवा कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला.

पायाखाली काय आहे तेही बघा. जाळीच्या तळावर सशाच्या टाचा सोलवटतात. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांवर पक्ष्याच्या तळपायाला फोड येतात. वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट फांद्या लावा.

चूक: दिसत नाही म्हणून लपायची जागा काढून टाकणं

ही चूक चांगल्या हेतूने होते. प्राणी माणसाळावा, सारखा समोर असावा असं वाटतं. पण लपायला जागा नसलेला प्राणी माणसाळत नाही, तो गोठतो, आणि त्या गोठण्याला लोक शांतपणा समजतात. नेदरलँड्समधल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर २०१४ साली अभ्यास झाला. साधं लपायचं खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण लवकर उतरला. प्रत्येक प्राण्यामागे एक आणि वर एक जादा अशा लपायच्या जागा ठेवा. ससे आणि गिनीपिग यांच्या घराला दोन दारं हवीत, नाहीतर दांडगा प्राणी दारात बसतो आणि दबका आत अडकतो.

चूक: ‘आम्ही आहोत ना त्याला!’

तुम्ही दिवसातले काही तास असता. सशाचा कान चाटणं, चोचीने मानेमागची पिसं साफ करणं, झोपेत अंगाला अंग लावून पडणं, हे माणसाला जमत नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांत गिनीपिग, बजी (लहान पोपटाची एक जात) यांसारखे कळपाने राहणारे प्राणी एकटे ठेवायला मनाई केली, ती याचसाठी.

एकटेपणावर आरसा हा उपाय मला सगळ्यात जास्त खटकतो. बजी आरशातल्या पक्ष्याला भरवायला म्हणून खाल्लेलं ओकतो, पुन्हा पुन्हा ओकतो, आणि समोरून काहीच उत्तर येत नाही. काही पक्षी या नादात खाणं सोडतात. आरसा काढा आणि जोडीदार आणा.

जोडीदार मात्र त्याच जातीचा हवा. ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडायला हवी. सशाची एक लाथ गिनीपिगला जायबंदी करू शकते. सशांत लक्षणं न दाखवता राहणारे बॉर्डेटेला जिवाणू गिनीपिगला न्यूमोनियापर्यंत नेतात. आहारही जुळत नाही, कारण गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं. आणि दया म्हणून सोनेरी हॅमस्टरला जोडीदार आणू नका. मोठा झाला की तो एकटाच राहतो. दोघांना एकत्र ठेवलं तर एकाचा जीव जाऊ शकतो.

नवा प्राणी आणला की थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणं ही भांडणाची पक्की हमी. आधी वेगळ्या खोलीत विलगीकरण, पक्ष्यांसाठी किमान महिनाभर. मग शेजारी-शेजारी पिंजरे. मग एकाचं बेडिंग दुसऱ्याकडे, म्हणजे वास ओळखीचा होतो. पहिली भेट दोघांनाही परक्या असलेल्या जागेत, गवताचे आणि पाण्याचे दोन-दोन ठिकाणं ठेवून. नर सशाची नसबंदी झाली तरी काही आठवडे पिल्लांची शक्यता उरते, तेवढा काळ मादीपासून दूर ठेवा. भेटीत थोडा पाठलाग, अंगावर चढणं हे चालायचंच. दोघं एकमेकांच्या शेपटीमागे घट्ट गोल फिरू लागले, केस उडू लागले, तर मात्र लगेच वेगळं करा. हात मध्ये घालू नका, पुठ्ठा घाला. जुळल्यावर एकाला दवाखान्यात न्यायचं असेल तर दुसऱ्यालाही बरोबर न्या. काही तासांच्या ताटातुटीनेही जमलेली जोडी बिघडते.

चूक: खेळणी मोजणं, वागणं न पाहणं

आता खेळण्यांकडे येऊ. रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यातला पोपट भरलेली वाटी थोड्याच वेळात संपवतो आणि उरलेला दिवस त्याच्या चोचीला काम नसतं. अमेरिकेत अ‍ॅमेझॉन पोपटांवर झालेल्या प्रयोगात खाणं शोधून, सोडवून काढायची सोय केल्यावर पिसं उपटणं घटलं. प्राण्यांना कष्टाचं खाणं नकोसं असतं हा समजही चुकीचा आहे. १९६३ साली ग्लेन जेन्सन यांनी उंदरांपुढे भरलेली वाटी आणि दांडा दाबून मिळणारं खाणं असे दोन्ही पर्याय ठेवले, आणि उंदीर फुकटचं सोडून दांडा दाबून मिळवतच राहिले. पुढे अनेक जातींत असंच दिसलं. घरमांजर हा ठळक अपवाद, त्यामुळे खाणं सोडवून काढायचं कोडं मांजराने धुडकावलं तर उपाशी ठेवून हट्ट करू नका.

सुरुवात अगदी सोपी ठेवा. कागदाच्या पुडीत खाणं घालून पुडी अर्धी उघडीच द्या, दाणा दिसू द्या. पोपट आधी मान वाकडी करून एका डोळ्याने बघेल, कडेचा कागद चोचीत धरून सोडेल, मागे सरकेल, पुन्हा येईल. जमलं की पुडी बंद, मग दोन पुड्या एकात एक. पहिल्याच दिवशी अवघड डबा दिला तर तो त्याच्या लेखी रिकामा डबा. काही पोपट नव्या वस्तूला चक्क घाबरतात. आधी ती पिंजऱ्याबाहेर, लांब टांगा आणि रोज थोडी जवळ आणा.

साधी वस्तू बरेचदा भारी खेळण्यापेक्षा कामी येते. डुकरांना साखळी टांगली तर ती लवकरच कंटाळतात. पेंढा मात्र चघळता येतो, फाडता येतो, नाकाने उकरता येतो, म्हणून तो पुरतो. प्रयोगशाळेत उंदीर साधारण २० ते २४ अंशांत ठेवतात, पण त्यांच्या अंगाला मानवणारं तापमान ३० अंशांच्या आसपास. आठ-दहा ग्रॅम कागदी पट्ट्या द्या, ते स्वतःच उबदार घरटं विणतात. उचलण्याची पद्धतही याच हिशोबात येते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं, की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हातापासून लांब राहतात, तर नळीत किंवा ओंजळीत उचललेले आपणहून जवळ येतात. खर्च शून्य, फरक मोठा.

सगळं करूनही येरझाऱ्या थांबत नसतील तर

आधी नीट पाहा. प्राणीसंग्रहालयात येरझाऱ्या घालणारं अस्वल किंवा वाघ प्रत्येक फेरीत त्याच जागी तोच पाय टाकतो, त्याच कोपऱ्यावर तशीच मान वळवतो, आणि तेवढ्याच पट्ट्यातलं गवत मरून माती उघडी पडते. तुम्ही समोर नसतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि वेळ लिहून ठेवा. हे खाण्याच्या आधी वाढतं का? तसं असेल तर भांड्यांचे आवाज, चावीची खुळखुळ यांनी प्राणी तासन्‌तास ताटकळत असण्याची शक्यता मोठी. खाणं येण्याच्या अगदी आधी एकच ठरलेली खूण द्या, एरवी ती कधीच देऊ नका, आणि खाणं दिवसभरात विभागून लपवा.

काही जातींना बंदिवास मुळातच मानवत नाही हेही मान्य करायला हवं. ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी २००३ मध्ये मांसाहारी प्राण्यांची तुलना केली. ध्रुवीय अस्वलासारखे रानात अफाट भटकणारे प्राणी बंदिवासात सर्वाधिक येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात, असं दिसलं. अशा जातींचे नवे प्राणी आणण्याआधी संस्थांनी थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनी सवय जागा आणि सोबत सुधारल्यावरही पूर्ण जाईलच असं नाही. वर्षानुवर्षं घोटलेली हालचाल चांगल्या आवारातही अधूनमधून दिसते. अशा वेळी बाकीच्या खुणा तपासा: तो गाढ झोपतो का, अंग स्वच्छ ठेवतो का, नव्या वस्तूकडे आपणहून जातो का, जोडीदाराजवळ बसतो का. या सुधारत असतील तर बदल मागे घेऊ नका, आणि आठवड्याला एक व्हिडिओ काढत राहा.