फूटीचं प्रीसीझन: पिशवीतला चेंडू पहिल्याच दिवशी बाहेर काढा

मेलबर्नच्या उपनगरांतल्या फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, क्लबांचा हंगाम सप्टेंबरपर्यंत आटोपतो आणि पुढचा एप्रिलच्या आसपास सुरू होतो. मधल्या काळात, काही ठिकाणी नोव्हेंबरात तर काही ठिकाणी जानेवारीत, प्रीसीझनचा, म्हणजे हंगामापूर्वीचा, सराव लागतो. पहिल्या संध्याकाळी बहुतेक मैदानांवर एकच चित्र असतं: खुणेचे प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडलेले, कोचच्या तोंडात शिट्टी, तीस-चाळीस जण धापा टाकत फेऱ्या मारताहेत आणि चेंडूंची पिशवी कुंपणाला टेकून पडलेली. असे दोन महिने काढले की दमसास वाढतो, यात वाद नाही. पण पहिल्या सामन्यात हेच खेळाडू वीस मीटरवर मोकळ्या उभ्या असलेल्या सोबत्यापर्यंत चेंडू पोहोचवू शकत नाहीत. जिवाच्या आकांतानं पळत चेंडू गाठायचा आणि मग तो समोरच्या संघाच्या हवाली करायचा, यात काय मिळवलं?

स्थानिक क्लबात कोच किंवा मदतनीस म्हणून उभं राहणाऱ्यांसाठी आणि स्वतः खेळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. टार्नीट, पॉइंट कुक अशा पश्चिमेकडच्या भागांत आपली बरीच मराठी घरं आहेत. तिथली मुलं ऑसकिकमधून, म्हणजे लहान मुलांना फूटीची ओळख करून देणाऱ्या उपक्रमातून, या खेळात येतात, आणि त्यांना सोडायला गेलेल्या आईबाबांच्या हातात कधी बिब आणि शिट्टी येते ते त्यांनाही कळत नाही. त्यांना हे उपयोगी पडावं.

खेळ अजिबात माहीत नसेल तर एवढं पुरे: लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेली तर १ गुण. चेंडू फेकायचा नाही. एक तर पायानं मारायचा, नाही तर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. किमान १५ मीटर आलेली किक कोणाचा हात न लागता झेलली की तो मार्क, आणि मार्क घेणाऱ्याला निवांत किक मारायला मिळते.

सुरुवात करण्यापूर्वी

आधी मैदान कुणाच्या ताब्यात आहे ते पाहा. उन्हाळ्यात तेच ओव्हल क्रिकेट क्लबाकडे असतं, आणि मधल्या खेळपट्टीवर स्पाइकचे बूट घालून कोणी गेलं तर दोन क्लबांत वर्षभराची भांडणं लागतात. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूनं क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंग राखावं म्हणून फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली होती. आता त्या क्रिकेटपटूंचीच परवानगी काढून फूटीवाले उन्हाळ्यात घाम गाळतात. कडेची पट्टी मिळाली तरी चालेल. सुरुवातीच्या सरावाला पूर्ण मैदान लागतच नाही.

चेंडू मात्र भरपूर हवेत. दोघांत एक हे प्रमाण धरा. बारा जणांच्या रांगेत एक चेंडू फिरत असेल तर एकेकाच्या वाट्याला पंधरा मिनिटांत जेमतेम पाच-सहा किक येतात. जोड्यांमध्ये उभं केलं की तेवढ्याच वेळात पन्नासएक होतात. जुने चेंडूही फेकू नका, त्यांचं काम पुढे आहे. जानेवारीत मेलबर्नचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा सराव संध्याकाळी उशिरा ठेवा, पाण्याचे ब्रेक आधीच ठरवा, आणि फारच तापलं असेल तर सरळ रद्द करा.

पहिले दोन-तीन आठवडे: किक दुरुस्त करा

तंत्र बदलायला हाच काळ योग्य. हंगामात दर शनिवारी सामना असतो, तेव्हा कोणी धड प्रयोग करत नाही आणि करूही नये. प्रत्येक खेळाडूच्या पाच-सहा किक मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा, एकदा बाजूनं आणि एकदा समोरून. खेळाडूला ते दाखवा. अर्ध्याअधिक चुका त्याच्या त्यालाच दिसतात.

शिकवायची किक एकच, ड्रॉप पंट. पूर्वी चेंडू जमिनीला टेकताक्षणी मारायची ड्रॉप किक लोकप्रिय होती, पण अचूकतेत ड्रॉप पंट सरस ठरली आणि जुनी किक सामन्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. टॉर्पेडो, बनाना वगैरे इतर किकांचं आकर्षण मुलांना फार असतं. त्यासाठी शेवटची पाच मिनिटं द्या, त्याहून जास्त नाही.

ड्रॉप पंट अशी: चेंडू उभा धरायचा, एक टोक खाली, शिवणीची लेस समोर लक्ष्याकडे. दोन्ही हातांची बोटं बाजूंवर पसरलेली. चेंडू किक मारणाऱ्या पायाच्या मांडीच्या रेषेत, पोटासमोर मध्यभागी नव्हे. सरळ रेषेत तीन-चार पावलं जायचं. उजव्या पायानं मारणाऱ्याचा डावा हात आधी सुटतो आणि उजवा हात चेंडूला खालपर्यंत नेऊन सोडतो. चेंडू वर उडवायचा नाही, नुसता सोडायचा, आणि तोही जितका खाली नेऊन सोडता येईल तितका. बोटं जमिनीकडे ताणलेली, घोटा घट्ट, आणि बुटाच्या लेसच्या भागानं चेंडूचं खालचं टोक गाठायचं. नीट लागला तर चेंडू टोकावर टोक उलटा फिरत, म्हणजे मारणाऱ्याच्या दिशेनं गिरक्या घेत जातो. झेलणाऱ्याला असा चेंडू सर्वांत सोपा.

दहातल्या आठ बिघडलेल्या किकांचं मूळ पायात नसतं, चेंडू सोडणाऱ्या हातात असतं. चेंडू आडवा भिरभिरत गेला तर तो तिरका सुटलाय. भलताच उंच जाऊन जवळच पडला तर तो छातीपासून सोडलाय, किंवा खेळाडू मागे झुकलाय. दर वेळी एकाच बाजूला जातोय तर पाय शरीराला आडवा फिरतोय. त्याला मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर उभं करा आणि किक मारल्यावर पाय रेषेवरच पडायला सांगा. एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची. तीन गोष्टी एकदम सांगितल्या की खेळाडू विचारातच अडकतो आणि होती तीही किक बिघडते.

जोड्या दहा मीटरवर उभ्या करा. जोर नको, फक्त उलटी गिरकी पाहायची. ती सलग जमली की पंधरा, मग वीस, मग पंचवीस मीटर. अंतर वाढवण्याची घाई खेळाडूंनाच असते, त्यांना आवरा. प्रत्येक सत्रात किमान एक तृतीयांश किक कच्च्या, म्हणजे सवय नसलेल्या, पायानं मारायला लावा. मोठ्यांना याची लाज वाटते, टाळाटाळ होते. पण एकाच पायाचा खेळाडू सामन्यात एकाच बाजूला वळतो, आणि समोरच्यांना ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

क्रिकेट आणि कबड्डीतून आलेल्यांसाठी

आपल्याकडच्या मुलांना चेंडूची भीती नसते, उंच झेलाखाली उभं राहायची सवय असते, हा मोठाच फायदा. पण क्रिकेटचा झेल हात मागे घेत, अंगाशी आणून घेतात. फूटीत तसं थांबलात तर मागून येणारा मुठीनं चेंडू उडवून लावतो. उंच मार्कला हात डोक्याच्या पुढे आणि वर, अंगठे एकमेकांजवळ, बोटं पसरलेली, आणि चेंडू सर्वांत उंच असतानाच पकडायचा. छातीवरचा मार्क मोकळं असताना किंवा ओल्या दिवशी ठीक.

दुसरी खोड फेकायची. गडबडीत चेंडू हातात आला की क्रिकेटपटूचा हात आपोआप फेकतो, आणि अंपायरची शिट्टी वाजते. हँडबॉल अंगात मुरेपर्यंत भिंतीसमोर उभं करा: चेंडू तळहातावर स्थिर, गुडघे किंचित वाकलेले, मुठीची अंगठा-तर्जनीकडची सपाट बाजू चेंडूच्या मागच्या टोकावर, आणि ठोसा मारून झाल्यावर मूठ त्याच तळहातापाशी येऊन थांबते. दोन्ही हातांनी. एवढंच.

तिसरी गोष्ट टॅकलची, म्हणजे चेंडू असलेल्याला धरून अडवण्याची. कबड्डी खेळलेला माणूस खाली झेपावून घोटा धरतो. इथे गुडघ्याखाली धरणं फाऊल आहे, खांद्यावर, मानेला, डोक्याला हात लागणंही फाऊल आणि पाठीत ढकलणंही. म्हणजे पकड खांदे आणि गुडघे यांच्या मधली. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग टॅकल बॅगवर आणि शेवटी माणसावर, असा क्रम ठेवा. टॅकल करणाऱ्याचं डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला हवं, पुढ्यात नाही. दोन्ही हात जखडून जमिनीवर आपटण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा. त्यानं माणसं जायबंदी होतात आणि खेळाडूवर बंदीही येते. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी त्या दिवसाचा सराव संपला. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा, झालं असेल तर स्थानिक पातळीवर पूर्ण खेळात परतायला किमान २१ दिवस आणि डॉक्टरांची परवानगी लागते. ‘मी बरा आहे’ हे खेळाडूचं म्हणणं इथे मोजायचं नाही.

मुलींच्या आणि महिलांच्या संघात वॉर्म-अपला जास्त वेळ द्या. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत त्यांच्यात जास्त आढळते, म्हणून ‘प्रेप-टू-प्ले’ नावाचा खास कार्यक्रम तयार झालेला आहे. उडी मारून जमिनीवर उतरणं, झटक्यात दिशा बदलणं, पडणं यांचा सराव त्यात असतो. खरं तर मुलग्यांनीही तो करायला हरकत नाही.

त्यानंतर: सरावात विरोधक आणा

रांगेत उभं राहून कोनाभोवती किक मारणं दिसायला सुबक असतं. कोच खूश, फोटोही छान येतात. पण कोन कुणाला अडवत नाही. सामन्यात कठीण असतं ते कुणाला द्यायचा, कधी द्यायचा आणि द्यायचा की नाही, हे ठरवणं. म्हणून तंत्र थोडं बसलं की लगेच छोटे खेळ सुरू करा.

माझा आवडता एक सांगतो. साधारण ३० मीटर बाजूचा चौकोन आखा. आत पाच जण चेंडू राखणारे, चार जण अडवणारे. फक्त किक, हँडबॉल नाही. सलग पाच मार्क झाले की एक गुण. चेंडू खाली पडला किंवा अडवला गेला की बाजू बदलायची. पहिली पाच मिनिटं गोंधळ होतो, सगळे चेंडूमागे धावतात. मध्ये बोलू नका. ब्रेकमध्ये एकच प्रश्न विचारा: ‘मोकळी जागा कुठे होती?’ उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या. दुसऱ्या फेरीला कोणीतरी चेंडूपासून दूर पळायला लागतो, आणि खेळ उलगडतो. सोपं झालं की पाचास पाच करा, नाही तर चौकोन लहान करा.

हँडबॉलसाठी तसंच, पण चौकोन १५-२० मीटरचा आणि चेंडू हातात दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. जमिनीवरचा चेंडू उचलायचा सराव यातच येतो: गुडघे वाकवून, अंग किंचित बाजूला वळवून, बोटं जवळजवळ गवताला लावून, पहिल्या झटक्यात.

पळण्याचं काय? पळा की. व्यावसायिक मिडफील्डर एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर पळतो, तेव्हा दमसासाला पर्याय नाही. सुरुवातीला आणि फेब्रुवारीत एकेकदा दोन किलोमीटरची वेळ घ्या, प्रगती कळते. बाकीचं पळणं शक्य तितकं चेंडूसकट. चेंडू घेऊन धावताना दर १५ मीटरांत एकदा तो जमिनीवर टप्पा पाडावा किंवा टेकवावा लागतो. लंबगोल चेंडूचा टप्पा परत हातात येणं ही कला आहे, ती आधी चालताना साधते, मग जॉगिंग करताना, मग वेगात. टप्पा किती पुढे पाडायचा हे वेगावर ठरतं आणि प्रत्येकाला ते स्वतःच शोधावं लागतं.

गोलवर किक मात्र दमल्यावरच मारायला लावा. सराव सुरू होण्याआधी ताज्या पायांनी मजेत मारलेल्या किका फसव्या असतात. खांबांमधलं अंतर ६.४ मीटर, समोरून ते भरपूर वाटतं, कडेनं चिंचोळं होतं. व्यावसायिक सामन्यात सेट शॉटला, म्हणजे मार्क वगैरे मिळाल्यावर गोलवर निवांत मारायच्या किकेला, ३० सेकंद मिळतात, तेवढीच द्या. प्रत्येकानं आपला ठरावीक क्रम बसवायचा: किती पावलं, कुठे पाहायचं, श्वास कधी सोडायचा. क्रम कुणाचा कसाही असो, दर वेळी तोच हवा.

आता त्या जुन्या चेंडूंचं काम. हंगाम भर हिवाळ्यात असतो. जून-जुलैत पाऊस, चिखल आणि साबणासारखा निसटणारा चेंडू. उन्हाळ्याचा सराव सगळा कोरड्यात. तेव्हा फेब्रुवारीत एक-दोन संध्याकाळी जुने चेंडू बादलीभर पाण्यात बुडवा आणि त्यांनीच खेळा. पहिल्यांदा सगळे हसतात.

नाताळची सुट्टी आणि शेवटचे आठवडे

नोव्हेंबरात सुरू केलं असेल तर मध्ये नाताळची दोन-तीन आठवड्यांची सुट्टी येते. लांबलचक तक्ता देऊ नका, कोणी पाळत नाही. प्रत्येकाला एक चेंडू घरी न्यायला द्या आणि एकच काम सांगा: आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, कुणाबरोबर तरी साधं किक-टू-किक, म्हणजे समोरासमोर उभं राहून एकमेकांना किक मारणं. धाकटी बहीण, शेजारी, आजोबा, कोणीही चालेल.

मार्चमध्ये आपसातले सामने आणि मग दुसऱ्या क्लबाशी सरावाचे सामने होतात. कडेला एकाला वही घेऊन बसवा आणि फक्त दोन गोष्टी लिहायला सांगा: किक सोबत्याला पोहोचली का, आणि कोणत्या पायानं मारली. गुणफलकापेक्षा ते पान जास्त बोलतं. ज्याचा कच्चा पाय अख्ख्या सामन्यात एकदाही वापरला गेला नाही, त्याला हंगाम लागल्यावर मंगळवारी आणि गुरुवारी सरावाच्या दहा मिनिटं आधी बोलवा. सोबत जोडीदार आणि एक चेंडू द्या, आणि तुम्ही तोवर कोन मांडा.