गॅरेजने सांगितलेलं काम खरं की जादा, हे कसं ओळखावं

गाडी सर्व्हिसिंगला सोडली की दुपारपर्यंत फोन येतो: ब्रेक पॅड संपत आलेत, एसीचा गॅस कमी आहे, इंजिन फ्लश (केमिकलने इंजिन आतून धुणं) करून घ्या, सस्पेन्शनमध्ये आवाज आहे. यातली काही कामं खरी असू शकतात, काही नुसती भर. ती वेगळी करायला स्वतः मिस्त्री असावं लागत नाही. खऱ्या कामामागे मोजता येणारा आकडा असतो किंवा डोळ्यांना दिसणारी खूण. "वीक झालंय", "घासलंय" एवढ्यावर होकार देऊ नका. किती घासलंय आणि किती उरलं की बदलायचं, हे दोन प्रश्न विचारा. मन लावून काम करणारा मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, उलट चाक काढून दाखवतो.

तयारी गाडी सोडण्याआधीच करायची. मॅन्युअलमधल्या देखभाल तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आपल्या किलोमीटरला काय "बदला" आणि काय फक्त "तपासा" लिहिलंय ते बघा, कारण "तपासा"चं "बदला" होणं हीच सर्वांत नेहमीची भर. जॉब कार्डवर (गाडी सोडताना गॅरेज भरून घेतं त्या कामाच्या कागदावर) उपाय लिहू नका, लक्षण लिहा. "ब्रेक पॅड बदला" असं लिहिलंत तर पॅड बदलले जातील आणि आवाज तसाच राहू शकतो. "हळू वेगात ब्रेक दाबल्यावर पुढच्या डाव्या चाकातून घरघर येते" असं लिहिलं की कारण शोधणं त्यांच्याकडे जातं. खाली दोन ओळी लिहून सही करा: विचारल्याशिवाय जादा काम करू नये, आणि बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवावेत.

ब्रेकपासून सुरुवात करू, कारण "सेफ्टीचा प्रश्न आहे" म्हटलं की माणूस लगेच हो म्हणतो. नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे घासला जाणारा थर, साधारण १० मिमी असतं आणि ३ मिमीच्या आसपास आलं की बदलायचं. ५-६ मिमी उरलं असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा मोजा. डिस्क बदलायला सांगितली तर तिची जाडी मोजायला लावा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेलीच असते. मोजताना कडेची उंच राहिलेली धार सोडून आतल्या घासलेल्या भागावर मोजायचं, नाहीतर आकडा खोटा येतो. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो आणि पहिल्या काही ब्रेकना खरखर येते. मुंबईच्या हवेत हे रोजचं आहे. दोन-चार सिग्नलमध्ये तो थर निघून जातो. त्यासाठी काही बदलायचं नसतं. ब्रेक ऑइल मात्र टाळू नका. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे बऱ्याच गाड्यांच्या तक्त्यात असलेली दोन वर्षांची मुदत आपल्या दमट हवेत पाळलेली बरी.

एसीचा गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. पाच-सहा वर्षांत रबरी होजमधून थोडा झिरपणं समजू शकतं. दर उन्हाळ्यात "टॉप-अप" लागत असेल तर कुठेतरी लिकेज आहे आणि ते न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. आधी लक्षण नीट बघा. गाडी धावताना थंड आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर कंडेन्सरचा (रेडिएटरच्या पुढची गॅस थंड करणारी जाळी) पंखा फिरतोय का आणि कंडेन्सर चिखलाने बुजलाय का ते तपासायला सांगा. हवा थंड पण कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरीच काढता येतो. गॅस खरंच भरायचा झाला तर आधी उरलेला काढून, व्हॅक्यूम करून, वजनावर भरला पाहिजे. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. नुसत्या गेजवर अंदाजाने भरलेला जास्तीचा गॅसही थंडावा कमी करतो. एसी चालू असताना गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे लिकेज नव्हे. आपल्याकडच्या दमट हवेत ते भरपूर पडतं.

खड्ड्यांच्या मोसमानंतर "पुढचं सगळं सस्पेन्शन करून टाकू" हे हमखास ऐकायला येतं. बारीक खड्ड्यांवर येणारी कटकट कित्येकदा लिंक रॉडची (सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) निघते, आणि तो या यादीतला स्वस्त पार्ट आहे. गाडी रॅम्पवर घ्यायला लावा, लिंक रॉड हाताने हलवून बघा, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) बुशचं रबर फाटलंय का पाहा. शॉकअपवर धुळीने माखलेला हलका ओलसरपणा चालतो. तेल ओघळत असेल तर तो गेला. शॉकअप जोडीने बदलणं बरोबर आहे, पण पुढचा एक गेला म्हणून चारही बदलायचं कारण नाही. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागा. बॅलन्सिंगची गरज स्टिअरिंगच सांगतं: अटल सेतूवर ८०-१०० च्या वेगात ते थरथरलं तर करून घ्या.

चेक लाइट लागली तर स्कॅनरवरचा कोड जसाच्या तसा लिहून घ्या. कोड दोष कुठल्या भागात आहे ते सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. समजा पी०३०१ आला, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) असलेल्या गाडीत पहिली कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी पहिल्यावर लावायला सांगा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळा. चारही कॉइल बदलण्याआधी ही काही मिनिटांची अदलाबदल झालीच पाहिजे.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, सायलेन्सर कोटिंग: तक्त्यात नाही आणि काही त्रासही नाही, तर नको. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं होतं, ते फ्लशिंगचं कारण नाही. बिलात ऑइल किती लिटर लावलंय ते मॅन्युअलशी ताडून बघा.

बॅटरीला रात्रभर विसावा दिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण चार्ज आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनवर आकडा याहून कमी असेल तर आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासायचा. टायरचे खाचे १.६ मिमीवर आले की टायर बदलायलाच हवा. खाचांमधले छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीला आले की ते कळतं.

मुंबईत पाणी तुंबणाऱ्या मिलन सबवे किंवा हिंदमाताला पाण्यातून गाडी काढली म्हणून लगेच पूर्ण "फ्लड पॅकेज" घेऊ नका. एअर फिल्टर कोरडा आणि डिपस्टिकवरचं ऑइल नेहमीसारखं असेल तर पाणी इंजिनात गेल्याची खूण नाही. ब्रेक आणि चाकांची बेअरिंग तपासून घ्या. फिल्टर ओला असेल किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर मात्र स्टार्टर अजिबात मारू नका. गाडी टो करून न्या. तिथे पैसे वाचवायला गेलात तर कनेक्टिंग रॉड वाकून इंजिनच जाईल.

मोठ्या खर्चाचं इस्टिमेट पार्ट नंबरसह लेखी घ्या. त्या नंबरावर कुर्ला सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या दुकानांत फोन करून किंमत विचारता येते, आणि दुसऱ्या गॅरेजलाही फक्त लक्षण सांगून मत घेता येतं. पहिल्याने काय सांगितलं ते त्याला आधी सांगू नका. न सांगता केलेल्या कामाचे पैसे बिलात लावले आणि गॅरेज ऐकत नसेल, तर सही केलेलं जॉब कार्ड, बिल आणि जुन्या पार्टचे फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.